मूल नको म्हणणारे आजचे नाहीत



मागील अंकातल्या पत्रात मूल न होऊ देण्याचा निर्णय म्हणजे शिकल्यासवरलेल्या तरुणांचं ताजं खूळ, असं म्हटलं आहे. पत्रलेखकाला महाराष्ट्राचाच इतिहास आठवला नाही, याचं वाईट वाटतं.

महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवून मूल होऊ दिलं नाही. १९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. तरी १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खूळ कुणी इतकं सोसून जपत नाही.

शिवाय कुटुंबं लहान होताहेत ती काही मोजक्या जोडप्यांमुळे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ होता, म्हणजे बाईमागे सरासरी दोन मुलंसुद्धा नाहीत. हा बदल घरोघरी झालेला आहे.

मूल नसल्याचा बोल मात्र एकट्या बाईलाच लागतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओट्या भरत आलेला हात मूल नसलेल्या बाईपाशी क्षणभर थबकतो, तिच्या पुढ्यात वाण घाईने सरकवलं जातं आणि परतताना जिन्यातच कुणीतरी डॉक्टरचं नाव सुचवतं. तिने ठरवून घेतलेल्या निर्णयाबद्दल तिला तिथे कुणीच विचारत नाही. पत्रलेखकानेही विचारलेलं नाही.

— एक वाचक, पुणे