रकान्यातील अठरा

२००८ सालच्या डिसेंबरात माझी मावशी जबलपूरच्या एका रुग्णालयात नऊ दिवस होती. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही एका रुग्णालयाविषयी नाही.

खाटेच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला असे. ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वसन, अशा चार नोंदी दर चार तासांनी व्हायच्या. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. मी तो रोज वाचत असे. ताप चढउतार दाखवत होता, नाडी ८८ वरून ११२ पर्यंत गेली होती. श्वसनाच्या रकान्यात मात्र १८, १८, २०, १८, १८ अशी शांत रांग होती. सहाव्या रात्री मावशी काहीतरी सांगू लागली आणि दर तीन शब्दांनी थांबू लागली. मी तिचा हात हातात घेतला, घड्याळ समोर धरले आणि छातीची हालचाल मोजली. मिनिटाला ३४. त्याच रात्रीची दहा वाजताची नोंद होती १८.

सिस्टरना सांगताच त्या धावत आल्या, स्वतः मोजले, डॉक्टरांना बोलावले, प्राणवायू लावला. हयगय म्हणावी असे त्यांच्या वागण्यात काहीही नव्हते. परंतु न्यूमोनिया बराच पुढे गेला होता. तिसऱ्या दिवशी मावशी गेली. दोन दिवस आधी कोणी मोजले असते तर ती वाचली असती का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. त्याचे उत्तर कोणाकडेही नाही.

त्या १८ या आकड्याकडे जरा लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहावे. श्वास पंधरा सेकंद मोजून चाराने गुणला तर १६ किंवा २० येईल. १८ येणारच नाही. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केला तर केवळ सम संख्या येतील. पूर्ण मिनिट मोजले तरच १७, १९, २३ असे विषम आकडे दिसतील. ज्या तक्त्यात आठवडाभर एकही विषम आकडा नाही, तेथे पूर्ण मिनिट बहुधा कोणी मोजलेलेच नाही. पटवाऱ्याने घरी बसून लिहिलेली गिरदावरी ओळखण्याची रीत हीच आहे: सगळ्या शेतांचे उत्पन्न सारखेच येते.

आणि नेमका हाच आकडा का सुटावा? ताप यंत्र सांगते, रक्तदाब यंत्र सांगते. श्वास मोजायला मात्र माणसालाच एक मिनिट उभे राहावे लागते. पुन्हा तो रुग्णाच्या नकळत मोजायचा असतो, कारण श्वास अंशतः आपल्या इच्छेच्या ताब्यात आहे. कोणी मोजते आहे असे कळताच त्याची लय बदलते. म्हणून जुन्या परिचारिका नाडी पाहण्याचे निमित्त करून मनगट धरून ठेवीत आणि नजर छातीवर ठेवीत. केवळ संख्या पाहून भागत नाही. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ताणले जातात का, फासळ्यांमधली त्वचा आत ओढली जाते का, रुग्ण पुढे वाकून हातांवर भार देऊन बसला आहे का, एका श्वासात किती शब्द बोलतो, ओठांचा रंग कसा आहे, हे सारे त्या एका मिनिटात पाहायचे असते.

हे मिनिट मोलाचे आहे, कारण शरीर संकटाची वर्दी बहुधा प्रथम येथेच देते. फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र उरलेल्या भागाकडून अधिक काम करून घेते. श्वासाची गती वाढते आणि त्यामुळेच रक्तातील प्राणवायू काही काळ ठीक राहतो. आज घरोघरी ऑक्सिमीटर आहे. २०२०-२१ च्या साथीने ते आपल्याला शिकवले. परंतु बोटावर ९६ दिसत असताना तो आकडा राखण्यासाठी शरीर किती धापा टाकत आहे, हे ते यंत्र सांगत नाही. उलट त्याच साथीत असेही रुग्ण दिसले की जे शांतपणे बोलत होते आणि प्राणवायू मात्र धोक्याच्या पातळीखाली गेला होता. म्हणजे एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

मोजणे अवघड आहे, ही सबब मला मान्य नाही. याचे कारण आपल्याच भाषेच्या मुलखात घडले. १९५६ पर्यंत जबलपूर आणि चांदा एकाच प्रांतात होते. त्या चांद्यातून पुढे गडचिरोली जिल्हा झाला. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला. लक्षण साधे होते: दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. पण गावातील निरक्षर दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन केले, ब्रेथ काउंटर. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी गाठला तर उपचार सुरू. दाया आणि ग्रामीण आरोग्यसेवकांनी तपासून औषध दिलेल्या बालकांत न्यूमोनियाचे मृत्यू १०० मागे एकाहून कमी होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३ हून अधिक होते. हा अभ्यास १९९० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला.

येथे महाकोशलात आया तान्ह्या मुलाविषयी म्हणतात, 'पसली चल रही है'. लोकभाषेने हे लक्षण केव्हाच ओळखले आहे. दाईला जे जमले आणि आईला जे दिसते, ते प्रशिक्षित परिचारिकेला जमत नाही असे कोणी म्हणणार नाही. मग अडते कोठे?

त्या वॉर्डात ४६ खाटा होत्या आणि रात्री दोन सिस्टर. प्रत्येकी २३ रुग्ण, म्हणजे नुसता श्वास मोजायला २३ मिनिटे. औषधे, सलाइन, नवे दाखल, नातेवाइकांचे प्रश्न याखेरीज. भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. अशा ठिकाणी रिकामा रकाना ठेवला तर सकाळी बोलणी बसतात, १८ लिहिले तर कोणी काही विचारत नाही. शहाणा माणूस काय करील?

हे बोलण्याचा मला अधिकार आहे तो माझ्या अपराधामुळे. मी स्वतः कितीतरी रुग्णालयांची तपासणी केली आहे. नोंदवह्या मागवल्या, रकाने भरलेले पाहिले, 'अभिलेख अद्ययावत' असा शेरा मारून सही केली. एवढ्या माणसांत एवढ्या नोंदी होणे शक्य आहे का, हा भागाकार मी एकदाही केला नाही. रिकामा रकाना दिसला की मात्र खुलासा मागवला. म्हणजे खोटा आकडा लिहिण्याचे प्रशिक्षण आम्हीच दिले.

माझे मत असे की 'वेळ मिळाला नाही' असे लिहिण्याची मुभा तक्त्यावरच छापलेली असावी, आणि ते लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारू नये. महिनाभरात असे किती शेरे आले, यावरून पदे मंजूर करण्याचा प्रस्ताव तरी खरा होईल. सगळ्यांचे श्वास चार तासांनी मोजण्याचा आग्रह सोडून, ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांचेच, पण पूर्ण मिनिट मोजावेत. आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने एका रुग्णाशेजारी घड्याळ घेऊन उभे राहावे.

माझ्या भाचीची मुलगी सध्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तिला विचारले, श्वास कसा मोजायला शिकवतात? "पूर्ण एक मिनिट, पेशंटला न सांगता," तिने पाठ म्हणून दाखवले. आणि वॉर्डात? ती हसली. "आजोबा, वॉर्डात मिनिट कुठे असतं?"