‘मुका मार’ म्हणून सोडू नका

मालवणात कुणी माडावरून पडला किंवा महामार्गावर दुचाकी घसरली, की घरच्यांचं लक्ष आधी हातापायांकडे जातं. छातीला मुका मार बसलाय म्हणतात, शेक देतात आणि फडक्यानं घट्ट आवळून टाकतात. हे आवळणंच घातक. छाती पुरती फुगत नाही, दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो.

लागोपाठच्या तीन-चार बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीच्या पिंजऱ्याचा तेवढा तुकडा सुटा होतो. श्वास घेताना बाकी छाती वर येते, हा तुकडा आत ओढला जातो. शर्ट काढून नीट पाहिलं तर हे साध्या डोळ्यांनाही दिसतं; साध्या एक्स-रेत मात्र अनेक बरगड्यांचे तडे निसटतात. अशा बरगड्या आता टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून जोडता येतात. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ७२ तासांत व्हावी, असं सर्जन सांगतात.

पण म्हणून प्रत्येकाला पट्ट्या ठोकायच्या नाहीत. अमेरिका-कॅनडातल्या २०७ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांच्यात, व्हेंटिलेटरविना गेलेल्या दिवसांत एकंदर ठळक फरक नव्हता; आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्यांना मात्र लाभ दिसला. बहुतेकांना वेदना मारणं, श्वासाचे व्यायाम आणि लवकर उठून बसणं पुरतं.

मालवणसह सिंधुदुर्ग जिल्ह्याचा गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) जातो. मालवणहून ते शंभराहून अधिक किलोमीटर. २०१८ मध्ये गोव्यानं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा जिल्ह्यातल्या दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. राग रास्तच होता. पण चर्चा बिलाभोवती फिरली, रस्त्यात आणि निर्णयात जाणाऱ्या तासांचा हिशेब कुणी मागितला नाही. २०२१-२२ पासून जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता तो हिशेब मागायला हवा.

टायटॅनियमच्या आधी मागायच्या गोष्टी स्वस्त आहेत: छातीच्या मारावर लगेच सीटी स्कॅन, मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन देऊ शकणारा भूलतज्ज्ञ, श्वास आत ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र. पासष्टी ओलांडलेल्याला तर मोडकी बरगडी एक असो की चार, दाखल करून घ्यावं. या वयात दर जादा बरगडीगणिक मृत्यूचा धोका वाढतो. आणि बांबोळीला हलवायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहावं. चौथ्या दिवशी धाप लागल्यावर रुग्णवाहिका बोलावली, तर ७२ तास मालवणातच संपलेले असतात.