मालकी दूध घालणाऱ्याची

महाराष्ट्रातील सहकारी दूधव्यवसाय तीन स्तरांवर चालतो. गावात प्राथमिक दूध संस्था, त्यावर तालुका किंवा जिल्हा संघ आणि शिखरावर राज्य महासंघ, म्हणजेच ‘महानंद’. गुजरातेतही रचना अशीच. पण तेथील जिल्हा संघ १९७३ पासून महासंघामार्फत ‘अमूल’ या एकाच नावाने माल विकतात. महाराष्ट्रात गोकुळ, वारणा, कात्रज यांनी स्वतःच्या नावावर बाजार मिळवला आणि महासंघ मुंबईच्या बाजारात आपल्याच सभासद संघांचा स्पर्धक ठरला. त्याच्याकडे येणारे दूध आटले. अखेर २०२४ मध्ये ‘महानंद’चे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले.

दरम्यान बाजारही बदलला. १९९१ च्या उदारीकरणानंतर खासगी डेअऱ्यांना वाट मोकळी झाली. २००२ मध्ये संकलनक्षेत्राचे बंधनही उठले. आज राज्यातील संघटित संकलनात खासगी डेअऱ्यांचा वाटा मोठा आहे. गाईच्या अतिरिक्त दुधाची भुकटी होते. त्यामुळे भुकटी आणि लोण्याचे भाव पडले की गोठ्यावरचा दर कोसळतो. २०१८ आणि २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले, ते याच कारणाने. अशा अनुदानाने हंगाम निभावतो, रचना सुधारत नाही.

पुनर्रचनेची सुरुवात गावातूनच व्हायला हवी. मताचा अधिकार दूध घालणाऱ्यालाच असावा. गोठा रिकामा झालेल्या कागदी सभासदांच्या बळावर संचालक मंडळे निवडून येऊ नयेत. फॅट आणि एसएनएफची (स्निग्धेतर घनघटकांची) तपासणी उत्पादकासमोर व्हावी, पावती लगेच मिळावी, बिल थेट बँक खात्यात जमा व्हावे.

बल्क कूलरमुळे दूध आता गावातच थंड होते. त्यामुळे निम्म्या क्षमतेने चालणारी शीतकरण केंद्रे आणि प्रक्रिया प्रकल्प प्रत्येक लहान संघाने वेगळे सांभाळण्याचे कारण उरलेले नाही. शेजारच्या संघांनी ते एकत्र चालवावेत. न पेलणाऱ्या संघांनी विलीन व्हावे. दर आणि गुंतवणुकीचे धोरण संचालकांनी ठरवावे. भरती, खरेदी आणि विक्री व्यावसायिक व्यवस्थापकांकडे असावी. महासंघाने पिशवीतल्या दुधासाठी संघांशी स्पर्धा करण्याऐवजी पुष्टकाळातील, म्हणजे दूध मुबलक असतानाच्या, जादा दुधाची भुकटी, तिची साठवण आणि सामायिक विक्री हाती घ्यावी.

विलीनीकरणाने तोटा कमी होईल, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाताखाली महासंघाला शिस्तही येईल. मात्र वर्षअखेरीचा नफा ‘फरक’ म्हणून उत्पादकाच्या खात्यात पोहोचला नाही, तर सहकारी संघ आणि खासगी डेअरी यांत त्याला निवडण्यासारखे काही राहणार नाही.