स्मारक बांधा, पण खुर्च्याही मांडा!

भिडे वाड्याचा विषय निघाला की आमच्या ऑफिसातली मंडळी दोन वाक्यांत निकाल लावतात. "ठरलं ना स्मारकाचं? मग अजून काय पाहिजे?" हे 'अजून काय' जरा सविस्तर सांगायचंय, म्हणून आजचा हा प्रपंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा वाडा बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर होता. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी इथे मुलींची शाळा काढली आणि १७ वर्षांच्या सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. पुढे शाळा गेली, दुकानं आली. महापालिकेने स्मारकासाठी जागा घ्यायचं ठरवल्यावर प्रकरण कोर्टात गेलं आणि १३ वर्षं चाललं. २०२३ मध्ये आधी हायकोर्टात, मग सुप्रीम कोर्टात भाडेकरू हरले. त्याच डिसेंबरात रातोरात वाडा पाडला. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी स्मारकाचं भूमिपूजन केलं.

दुकानदारांना व्हिलन ठरवणं सोपं आहे. पण त्यांचं पोट त्या गाळ्यांवर होतं, आणि हक्कासाठी कोर्टात जाणं हा काही गुन्हा नाही. माझा राग वेगळाच आहे. एवढी वर्षं भांडून जागा हातात आली, आणि आपली चर्चा पुतळा, भित्तीचित्रं आणि ३ जानेवारीचा हार यापुढे सरकत नाही! तिथे मुलींची शाळाच काढा, अशी मागणीही झाली होती. त्यावर लगेच उत्तर तयार: "अहो, जागा केवढीशी, गर्दी केवढी, पार्किंग नाही..."

मान्य. पूर्ण शाळा नका काढू. पण मी वाशिम जिल्ह्यातला आहे, त्यामुळे मला दुसरं काहीतरी दिसतं. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले मागास जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि त्यातलं एक आमचं वाशिम. रिसोड-मानोऱ्याकडच्या मुली एमपीएससीसाठी पुण्यात येतात, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहतात आणि डब्यात काटकसर करून अभ्यासिकेतल्या एका खुर्चीचे महिन्याला पैसे भरतात. तिथून भिडे वाड्याची जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, राव! खाली स्मारक करा, वर मुलींसाठी मोफत अभ्यासिका आणि ग्रंथालय. रात्री उशिरापर्यंत उघडं, दिवे आणि सुरक्षारक्षकासकट. याला पार्किंग लागत नाही.

"भावनेच्या भरात बोलतोयस" असं कुणी म्हणेल. उलट, भावना तर पुतळ्यात आहे. मी वापराबद्दल बोलतोय.

आणि हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने त्यांच्याऐवजी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले होते. आमच्याकडे गावात पट घसरला की पारावर पहिली चर्चा जागेचीच. "कायले पाह्यजे शाळा? पोट्टे तं सारे कॉन्व्हेंटात जातात. रोडटच जागा हाय, गाळे काढा!" सारे जात नाहीत हो. ज्यांच्याकडे व्हॅनचे पैसे नाहीत त्यांची पोरं उरतात, आणि त्यातही मुली जास्त.

म्हणून नियम एकच हवा: शाळेच्या जागेवर पहिला हक्क शिकण्याचा. शाळा नाही चालली तर वाचनालय, अभ्यासिका, बालवाडी. हे सगळं खरोखरच जमत नसेल, तरच बाकीचं. खुद्द भिडे वाड्यावर हा नियम पाळला नाही, तर मानोऱ्यातल्या सरपंचाला कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा पुणेकरांनो, महापालिकेला एकच प्रश्न विचारा: उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी तिथे शिकायला कोण येणार?