तारखेचे सोवळे

आजीचे सोवळे आपण हसून हसून घालविले. उंच वलणीवर वाळत घातलेले, काठीने काढायचे आणि कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा भिजवायचे, ते लुगडे आता कोणाच्या घरात दिसत नाही. ते गेले म्हणून गळा काढणारा मी नव्हे. माणसाला माणसाचा विटाळ होतो असे सांगणारे शास्त्र जितके लवकर बुडेल तितके बरे. माझी तक्रार वेगळीच आहे. रिकाम्या झालेल्या त्या पाटावर दुसरे एक सोवळे येऊन बसले आहे आणि त्याला आपण शास्त्र समजून नमस्कार करीत आहो. हे सोवळे तारखेचे. पुड्याच्या शिवणीवर, मुंगीच्या पावलांनी उमटलेली एक इंग्रजी तारीख. काल रात्री बारा वाजेपर्यंत जो रवा पवित्र होता, तो बाराला एक मिनिट झाल्याबरोबर विटाळला! पुडा उघडायचा नाही, वास घ्यायचा नाही, चिमूटभर जिभेवर ठेवून पाहायचे नाही; ‘एक्स्पायर झाले’ एवढा मंत्र म्हणायचा आणि कचऱ्याच्या डब्यात विसर्जन करायचे.

ही तारीख म्हणते तरी काय? मुळात ती एक नव्हे, दोन आहेत. पहिली ‘बेस्ट बिफोर’, म्हणजे ‘या दिवसापर्यंत उत्तम’. चव, वास, रंग, खुसखुशीतपणा आम्ही सांगितला तसा या दिवसापर्यंत राहील, असे हे कारखानदाराचे वचन. दुसरी ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’, म्हणजे या दिवसानंतर माल विकू नये आणि खाऊही नये. पहिली तारीख गुणाची, दुसरी जिवाची. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली लेबलांचे नियम केले. त्यांतल्या व्याख्येतच म्हटले आहे की ‘बेस्ट बिफोर’ उलटल्यावरही पदार्थ खाण्यास पूर्णपणे सुरक्षित असू शकतो. फार तर त्याची प्रत उतरलेली असेल. कायदा ज्याला खाण्याजोगे म्हणतो, त्याला आपण विष म्हणतो!

पण सगळा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याच २०२० च्या नियमांनी बंद पुड्यांवर ‘एक्स्पायरी’ छापण्याची सक्ती केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक करून टाकले. म्हणजे व्याख्येत फरक शिकवायचा आणि पुड्यावर तो पुसून टाकायचा. पनीरला जी शिक्षा तीच पोह्यांना. मिठाची तर थट्टाच झाली. अन्नाच्या लेबलांविषयीची आंतरराष्ट्रीय कोडेक्स संहिता साध्या मिठावर आणि साखरेवर तारखेची सक्ती करीत नाही. आयोडीन घातलेल्या मिठाची गोष्ट थोडी निराळी. दमट हवेत त्यातले आयोडीन हळूहळू कमी होते, म्हणून त्याला मुदत असणे समजू शकते. पण आयोडीन घटले म्हणून मीठ नासत नाही. ज्या मिठाच्या जिवावर कैरीचे लोणचे वर्षभर टिकवायचे, तेच मीठ मुदत संपली म्हणून मोरीत ओतायचे, याला शहाणपण कसे म्हणावे?

बरे, ही तारीख ठरवितो कोण? बहुतेक जिनसांच्या बाबतीत कारखानदार स्वतःच. तो चाचण्या करतो आणि आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून चार दिवस हातचे राखून मुदत घालतो. त्यात गैर काही नाही. परंतु आपण पुडा लवकर फेकला तर दुसरा पुडा त्याच्याच दुकानातून येतो, हेही त्याला ठाऊक असते. शिवाय ही मुदत बंद पुड्याची, आणि सांगितल्या जागी ठेवलेल्या मालाची. दुधाची पिशवी भर उन्हात टेम्पोत दोन तास तापली, हे तारखेला दिसत नाही. रात्री वीज गेली आणि शीतकपाट पहाटेपर्यंत बंद पडले, हेही तिला कळत नाही. पुडा एकदा कापला की तिचे राज्य तेथेच संपले. म्हणून ही तारीख दोन्हीकडून फसविते. चांगल्याला वाईट म्हणायला लावते, आणि बिघडलेल्याला ‘अजून चार दिवस आहेत’ म्हणून पानात वाढायलाही लावते. हा दुसरा धोका पहिल्याहून मोठा आहे.

अन्न नुसत्या काळाने बिघडत नाही. ते बिघडते पाण्याने, उष्णतेने, हवेने आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनी. हे विज्ञान आपल्या मराठीला किती बारकाईने ठाऊक होते ते पाहा. चिवडा सादळतो, म्हणजे त्याने हवेतले पाणी ओढले. मंद आचेवर परता, पुन्हा कुरकुरीत होईल. खोबरे खवट होते, म्हणजे त्यातल्या तेलाला हवा लागली. ते पुन्हा गोडीवर येत नाही. पीठ आंबते, ते डोशाचे असेल तर आनंद आणि कणीक असेल तर चिंता. तांदूळ किडतात, ते चाळता येतात, निवडता येतात. भाकरी बुरसते, ती मात्र तुकडा मोडून न खाता अख्खी टाकावी, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. वरण विटते, दूध नासते, डबा कुबट होतो. इतके शब्द म्हणजे इतकी निदाने, आणि प्रत्येक निदानाला वेगळा उपाय. या साऱ्या शब्दसंपत्तीवर आज एकच शिक्का बसला आहे: ‘एक्स्पायर’. ज्या वैद्यापाशी सगळ्या रोगांना एकच नाव असते, त्याच्याकडे आपण औषधाला जाऊ काय?

दिवाळीचे डबेच घ्या. ओल्या नारळाच्या करंज्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या, सुक्या खोबऱ्याच्या पुढे ठेवल्या तरी चालतात, शंकरपाळे सर्वांच्या मागून निघतात. हा क्रम कोणत्याही डब्यावर छापलेला नसतो. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात मळलेले अनारशाचे पीठ दिवसच्या दिवस राहते, कारण गूळ त्यातले पाणी धरून ठेवतो आणि जंतूंना ते मिळू देत नाही. पापड, कुरडया आणि सांडगे यांचे तर सगळे मर्मच पाणी काढून टाकण्यात आहे. हे ज्ञान अंधश्रद्धा नव्हे. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रयोगांतून आलेले आहे.

कोणी पंडित म्हणेल, गीतेच्या सतराव्या अध्यायात ‘यातयाम’, म्हणजे प्रहर उलटून गेलेले अन्न तामस ठरविले आहे. ती एक्स्पायरीच नव्हे काय? नव्हे. त्याच श्लोकात रस गेलेल्या आणि दुर्गंधी सुटलेल्या अन्नाचाही निर्देश आहे. प्रहराबरोबर जीभ आणि नाक हे दोन साक्षीदारही बोलाविले आहेत. आपण प्रहर तेवढा ठेवला आणि साक्षीदारांना घरी पाठविले.

कोणी डॉक्टर म्हणतील, नाकाला सगळे कळत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी शिरसावंद्य मानतो. हवाबंद डब्यातले बोट्युलिनम विष वासाने ओळखू येईलच असे नाही. लिस्टेरियासारखा जंतू शीतकपाटाच्या थंडीतही वाढतो आणि पदार्थाला वास आणीत नाही. तान्ह्या बाळाची दुधाची भुकटी, मांस, मासे, पनीर यांच्यावरची एक्स्पायरी ही लक्ष्मणरेषाच समजावी. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांतल्या सुट्या मिठाईपुढेही ‘बेस्ट बिफोर’ मांडणे सक्तीचे झाले, त्याचे मी स्वागतच करतो. खव्याचा पेढा कधीचा आहे हे गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे. आणि बुरसलेला शेंगदाणा तर तारीख शिल्लक असली तरी फेकावा, कारण त्यातले अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरते जात नाही. पण जेथे खरा धोका आहे तेथे तारीख पाळली जावी, एवढ्यासाठीच जेथे तो नाही तेथला धाक काढला पाहिजे. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याच्या हाकेला शेवटी कोणी धावत नाही.

या धाकाची किंमतही थोडी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न, सालीदेठांसकट, वाया गेले. त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. हे सारे तारखेपायी जाते असे नव्हे. पण युरोपीय आयोगाने २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तेथे वर्षाकाठी वाया जाणाऱ्या ८ कोटी ८० लाख टनांपैकी १० टक्क्यांपर्यंतचा भाग तारखेच्या छापाशी जोडलेला आढळला. ब्रिटनमधल्या वेट्रोझ या दुकानांनी २०२२ साली सुमारे ५०० ताज्या जिनसांवरची ‘बेस्ट बिफोर’ काढून टाकली, ती याचसाठी. ज्यांच्याकडून आपण ही तारीख उचलली ते शहाणे होऊ लागले. आपण मात्र अजून सोवळे नेसून बसलो आहो.

आता जे लिहितो ते वाचकांना रुचणार नाही. पण दिवाळीतच लिहिले पाहिजे. तारीख उलटलेला प्रत्येक पुडा कचऱ्यात जात नाही. पुष्कळ वेळा तो भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या पिशवीत जातो. ‘चांगला आहे हो, परवाच तारीख गेलीय, मुलांना द्या.’ वाचकहो, येथे जरा थांबा. तो पुडा खाण्याजोगा असेल तर आपल्या मुलांनी का खाऊ नये? आणि खाण्याजोगा नसेल तर तिच्या मुलांनी का खावा? या प्रश्नाला तिसरे उत्तर नाही. उष्टे आणि शिळे खाली सरकवून वरच्यांनी स्वतःला पवित्र ठेवायचे, हीच तर जुन्या सोवळ्याची रीत होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बजाविले. घेणाऱ्यांना त्यांनी स्वाभिमान शिकविला. देणारे मात्र अजून शिकायचे राहिले आहेत. काठीने काढायचे लुगडे गेले, पण ती काठी आपल्या हातात तशीच आहे.

मागणे अवघड नाही. सरकारने जिवाची तारीख आणि गुणाची तारीख पुन्हा वेगळी करावी. नाशवंत आणि धोक्याच्या मालावर एक, टिकाऊ मालावर दुसरी. आज इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी असली की नियमाचे समाधान होते, महाराष्ट्रात विकायच्या पुड्यावर मराठीत स्वच्छ लिहावे की ‘या तारखेनंतर चव उतरेल, पाहून, हुंगून वापरा.’ आणि तो छाप भिंग न लावता वाचता यावा.

हे सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातचे आजच करता येईल. तारीख वाचा, अवश्य वाचा. धोक्याच्या पदार्थावर ती पाळा. बाकीच्यांचा डबा उघडा आणि मुलांच्या हाती द्या, त्यांनाही सादळलेले आणि खवट यांतला फरक कळू द्या. आणि कामाला येणाऱ्या बाईंना फराळ द्यायचा तर ज्या डब्यातला लाडू आपल्या घरच्या ताटात वाढला, त्याच डब्यातला द्या.