मृगाआधीची सुई

पावसाची पहिली सर पडून पंधरवडा उलटला की महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत एकच चित्र दिसते. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि 'व्हायरल आहे, चार दिवसांत बरे वाटेल' हा डॉक्टरांचा दिलासा. बहुतेकांच्या बाबतीत तो खराही ठरतो. अडचण तिथेच आहे. शंभरांतले बहुसंख्य लोक आठवड्याभरात कामावर परतत असल्याने इन्फ्लूएन्झा म्हणजे थोडी जोरदार सर्दी, अशी आपली समजूत घट्ट झाली आहे. लशीचा विषय निघतो तो वर्तमानपत्रांत 'स्वाइन फ्लूचे बळी' असा मथळा झळकल्यावर. मग औषधांच्या दुकानांत विचारणा सुरू होते, साठा संपतो, दोन आठवड्यांत मथळा मागे पडतो आणि लसही विसरली जाते. लस घ्यावी की नाही, हा निर्णय आपण घेत नाही. भीती तो आपल्या वतीने घेते आणि तोही चुकीच्या महिन्यात. हा निर्णय शांत डोक्याने, मे महिन्यात आणि वेगळा प्रश्न विचारून घ्यायला हवा. 'मला फ्लू होईल का' हा तो प्रश्न नव्हे. 'माझ्या घरात शिरला तर कोणाला झेपणार नाही' हा आहे.

आधी महिन्याचे पाहू. लशीबद्दलची बरीचशी माहिती आपल्यापर्यंत अमेरिका-युरोपातून येते आणि तिथे ती 'हिवाळ्यापूर्वी घ्या' अशी असते. काश्मीरला ती लागू पडते. महाराष्ट्रात मात्र इन्फ्लूएन्झाचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो आणि जानेवारी ते मार्च या काळात तो पुन्हा डोके वर काढतो. हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचे घटक ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे या जागतिक निरीक्षण जाळ्यातले भारताचे महत्त्वाचे केंद्र आहे. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात असलो, तरी साथीचे वेळापत्रक पाहता आपल्याला सोयीची पडते ती उन्हाळ्यात उपलब्ध होणारी दक्षिण गोलार्धाची लस. टोचल्यानंतर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते ओसरत जाते. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या लशीचा पुढच्या जुलैत फारसा आधार उरत नाही आणि जुलैत साथ भरात आल्यावर घेतलेली लस पहिले दोन आठवडे कामाची नसते. शाळा उघडण्याआधी, वारीची गर्दी जमण्याआधी, मृग लागण्याआधी ती घेतलेली बरी.

आता आजार खरोखर किती गंभीर आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी इन्फ्लूएन्झाने जगात दरवर्षी ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक श्वसनविकाराने दगावतात. २००९ च्या महासाथीत देशातला पहिला बळी पुण्यात गेला. त्यानंतर तोच एच१एन१ विषाणू हंगामी पाहुणा म्हणून मुक्कामाला राहिला. २०१५ साली देशात त्याच्या ४२ हजारांहून अधिक रुग्णांची आणि सुमारे तीन हजार मृत्यूंची नोंद झाली; २०१७ मध्ये पुन्हा दोन हजारांहून अधिक लोक गेले आणि दोन्ही वेळा महाराष्ट्र सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत होता. पण हे आकडे केवळ तपासणी झालेल्यांचे. ज्यांच्या घशाचा नमुना कोणी घेतलाच नाही, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले जाते, दमा लिहिले जाते किंवा हृदयविकार. २०१८ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इन्फ्लूएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट असल्याचे त्यात आढळले. आजोबांना 'साधा ताप' आला आणि चौथ्या दिवशी झटका आला, तर त्या दोन घटनांचा संबंध आपल्याकडे सहसा जोडला जात नाही.

लशीविरुद्धचा सर्वात वजनदार आक्षेप तिच्या कमकुवतपणाचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पोलिओ किंवा गोवराच्या लशीइतकी भक्कम ही लस नाही, कधीच नव्हती. लशीतले आणि हवेतले विषाणू जुळले तर डॉक्टरकडे जावे लागण्याइतका आजार ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. जुळले नाहीत तर त्याहून कमी. वृद्धांत आणि एच३एन२ या प्रकाराविरुद्ध तिचा जोर आणखी घटतो. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या मुलांवर सलग तीन वर्षे चाचणी झाली. तीत पहिल्या वर्षी संरक्षण जेमतेम चौथाई भरले, तर तिसऱ्या वर्षी पाऊण हिश्श्याच्या जवळ गेले. लस तीच, मुले त्याच गावांतली, फळ मात्र वर्षागणिक निराळे. त्यातच 'लस घेऊनही सर्दी झालीच' ही तक्रार असते. ती खरी असते. कारण सर्दी-पडसे करणारे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि ही लस त्यांतल्या फक्त इन्फ्लूएन्झासाठी आहे. छत्री घेऊनही पाय भिजतातच. म्हणून कोणी ती घरी ठेवून निघत नाही. तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा, तर निरोगी प्रौढांबाबतच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने घेतलेला आढावा सांगायलाच हवा. इन्फ्लूएन्झाचा एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे ७१ निरोगी प्रौढांना लस द्यावी लागते, असे त्यात निघाले. एकट्या राहणाऱ्या, धडधाकट पंचविशीतल्या माणसाने हा आकडा पाहून 'मला नको' म्हटले, तर त्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

तो माणूस सहसा एकटा राहत नाही, हा खरा मुद्दा. आपल्याकडे दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला वाचवायचे तर आईच्या रक्तातूनच वाचवावे लागते. बांगलादेशात गर्भवतींना लस देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला इन्फ्लूएन्झा ६३ टक्क्यांनी कमी आढळला. एका टोचणीत दोन जीवांचा बंदोबस्त! दुसरा गट हृदयरुग्णांचा. बहुतांशी झटका येऊन गेलेल्या अडीच हजारांवर रुग्णांची आठ देशांतली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. लस मिळालेल्यांपैकी वर्षभरात २.९ टक्के दगावले, खोटी सुई मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के. ज्या औषधांवर आपण आयुष्यभर पैसे ओततो, त्यांतल्या अनेकांना एवढा फरक दाखवता येत नाही. तिसरा गट मधुमेहींचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात आहे. यात दमेकरी, मूत्रपिंडाचे रुग्ण, साठी ओलांडलेले आणि पाच वर्षांखालची मुले मिळवली, तर यांपैकी कोणीच नाही असे घर महाराष्ट्रात शोधावे लागेल. म्हणूनच पंचविशीतल्या त्या माणसाचा निर्णय केवळ त्याचा उरत नाही.

सुरक्षिततेची शंका करोनानंतर अधिक तीव्र झाली आहे आणि तिचे उत्तर लोकांवर डाफरून देता येणार नाही. लस घेतल्यावर दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, हे आधीच सांगावे. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही, हेही सांगावे. १९७६ साली अमेरिकेत घाईने राबवलेल्या स्वाइन फ्लू लसीकरणात गिलियन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे दर लाखामागे सुमारे एक जादा प्रकरण आढळले आणि ती मोहीम थांबवण्यात आली, हा इतिहास लपवण्याचे कारण नाही. आजच्या हंगामी लशीत ही जोखीम आढळली तरी दहा लाखांत एक-दोन इतकी असते. खुद्द इन्फ्लूएन्झा झाल्यावर तोच विकार होण्याची शक्यता त्याहून जास्त आहे. हे तंत्रही कालपरवाचे नाही, १९४० च्या दशकापासून ते वापरात आहे. पूर्वी एखाद्या लशीची तीव्र अॅलर्जी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. बाकीच्यांनी समाजमाध्यमांवरच्या ढकलपत्रांपेक्षा आपल्या फॅमिली डॉक्टरवर विश्वास ठेवावा. आणि फॅमिली डॉक्टरांनीही रुग्णाने विचारण्याची वाट न पाहता स्वतः विषय काढावा.

प्रतिकारशक्तीचा युक्तिवाद मात्र फार लाड करण्यासारखा नाही. व्यायाम, झोप, आहार उत्तम, काढाही प्यावा. पण १९१८ च्या साथीत मुंबईच्या बंदरातून शिरलेल्या विषाणूने वीस ते चाळीस वयाच्या तरण्याताठ्यांनाच सर्वात निर्दयपणे गाठले होते. 'झालाच तर टॅमिफ्लू आहे' हे उत्तरही अर्धेच. ते औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते आणि आपल्याकडचे पहिले ४८ तास सहसा पॅरासिटामॉल आणि वाट पाहण्यात जातात.

उरतो तो पैशाचा आक्षेप. आणि आमच्या मते हाच सर्वात खरा आहे. खासगी दवाखान्यात एका सुईला दीड-दोन हजार रुपये मोजावे लागतात. पाच जणांच्या कुटुंबाने दरवर्षी आठ-दहा हजार खर्च करावेत, असा उपदेश महिन्याला तेवढ्यावर घर चालवणाऱ्यांना करणे ही क्रूर थट्टा होईल. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातील ४५ वर्षांवरील लोकांपैकी जेमतेम दीड टक्क्याने ही लस कधी घेतल्याचे दिसले. दोष एकट्या अज्ञानाचा नाही. पैसे मोजकेच असतील तर क्रम ठरवावा : गर्भवती सून, मधुमेह वा हृदयविकार असलेली सासू, मग लहान मूल. धडधाकट कमावता पुरुष शेवटी आला तरी चालेल. आपल्याकडे बहुधा उलटे होते. कंपनीच्या शिबिरात त्याचीच सुई मोफत होते आणि घरातली गर्भवती विसरली जाते.

परवडण्याचा प्रश्न सोडवणे हे सरकारचे काम आहे आणि महाराष्ट्राने त्याची सुरुवात केलेलीही आहे. २०१५ च्या उद्रेकानंतर राज्याने गर्भवती, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना मोफत लस देण्याचे धोरण स्वीकारले. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नसताना एका राज्याने उचललेले ते पुढचे पाऊल होते. ते कागदावरून गावापर्यंत न्यायचे, तर नवी यंत्रणा लागत नाही. गर्भवती तपासणीला आरोग्य केंद्रात येतेच, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या न्यायला रुग्ण येतोच आणि आशाताईंच्या वहीत दोघांची नावे असतातच. त्याच भेटीत सुई द्यायची आहे. प्रत्येक नागरिकाला फुकट लस द्या, असे आमचे म्हणणे नाही. तिचा लाभ ज्यांना निर्विवाद आहे, त्यांना ती हमखास मिळावी. त्यासाठी खरेदीची निविदा हिवाळ्यातच निघून मेच्या पहिल्या आठवड्यात कुप्या तालुक्याच्या शीतपेटीत असायला हव्यात. ऑगस्टमध्ये पोहोचलेला साठा त्या पावसाळ्यातल्या साथीसाठी जवळपास निरुपयोगी असतो आणि घटक बदलणार असल्याने तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्यातही अर्थ नसतो.