गाळातले वैभव

गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बांध घातला गेला तो कालव्यांसाठी. पाखरांचा विचार कोणाच्या मनी असणार? परंतु गाळ साचला, पाणी उथळ झाले आणि नांदूर मध्यमेश्वरला चक्रवाक, थापट्या उतरू लागले. १९८६ साली अभयारण्य झाले. रामसर यादीतही राज्यात पहिला मान याच पाणथळीचा. रविवारची मंडळी दुर्बिणीपेक्षा फराळाचे डबेच अधिक आणतात आणि मध्यमेश्वराच्या जुन्या मंदिराकडे क्वचित वळतात, हे एक वेळ चालेल. खरा पेच गाळाचा आहे. २०१९च्या पुराने गांजलेल्या सायखेडा-चांदोरीकरांनी तो काढा म्हटले, तर त्यांना पक्षिद्वेष्टे ठरविणे अन्यायाचे होय. मात्र सरसकट उपसा झाल्यास थापट्यांना तेथे उरणार काय? कोठला गाळ काढावयाचा, कोठला राखावयाचा, हे पाटबंधारे व वन खात्यांनी गावकऱ्यांसमक्ष, पावसाळ्यापूर्वी ठरवावे.